क्रीमची परीक्षा



गेल्या चैत्रांतील गोष्ट. दुपारचीं उन्हें अद्याप कललीं नव्हतीं, अशा वेळीं आमच्या शेजारच्या वहिनी दारांत उभ्या राहिल्या. आम्ही हडपसरला राहतों. आमच्या भागांत आतां मळे थोडे व इमारती फार झाल्या आहेत. ऊन मात्र पूर्वीच्याच मापाचें आहे. वहिनींच्या एका हातांत कांचेची एक लहानशी बाटली होती व दुसऱ्या हातांत कागदाची पुडी. दोन्ही वस्तु त्यांनीं माझ्यापुढें टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलंत. एवढं सांगा, यांतलं चेहऱ्याला काय लावूं?"

बाटलींतील क्रीम त्यांच्या मुलीनें वाढदिवसाला दिलेलें होतें. किंमत अठराशें रुपये, आणि माल तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. खोक्यावर 'चाचणीनें सिद्ध' असें ठळक अक्षरांत छापलेलें होतें. त्याखालीं, चष्मा पुसल्यावांचून वाचतां येणार नाहीं इतक्या बारीक अक्षरांत, शंभरांतील बहुतेक स्त्रियांना चार आठवड्यांत आपली त्वचा अधिक तरुण वाटूं लागल्याचें निवेदन होतें. घटकांच्या यादींत 'बाकुचिऑल' असें एक नांव होतें. वहिनींच्या सुनेनें शोध करून सांगितलें कीं, हें द्रव्य बावचीच्या बियांतून निघतें. वहिनी मूळच्या व्यवहारी. त्यांनीं तडक काष्ठौषधींच्या दुकानांतून बावचीची पूड आणविली. "दोन्ही एकच असेल," त्या म्हणाल्या, "तर अठराशे रुपये कशाला घालवायचे?"

प्रश्न अगदीं रास्त होता. पुडी तेवढी मीं आधीं उचलून माझ्या कपाटांत ठेवून दिली. तसें कां केलें, तें पुढें येईलच.

वय चेहऱ्यावर दिसूं नये ही इच्छा कांहीं आजची नव्हे. चरकसंहितेंत 'वयःस्थापन' म्हणून दहा औषधींचा एक गणच सांगितलेला आहे. त्यांत गुळवेल, हिरडा, आंवळा, पुनर्नवा यांच्या पंक्तीला मंडूकपर्णी बसलेली आहे, आणि तीच मंडूकपर्णी आज लॅटिन नांव धारण करून कोरियांतून येणाऱ्या क्रीमच्या खोक्यांवर मोठ्या तोऱ्यानें मिरवते. औषधांची यादी जुनी आहे. तिची परीक्षा कशी करावी याचें शास्त्र मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलें आहे.

प्रथम त्वचा म्हातारी होते म्हणजे काय होतें, तें थोडक्यांत पाहूं. त्वचेच्या वरच्या पातळ थराखालीं कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंची एक गादीच पसरलेली असते. वयाबरोबर ती गादी विरळ होत जाते. परंतु उन्हांतील अतिनील किरण तिची नासधूस त्याहून पुष्कळ वेगानें करितात. हें पाहावयाला प्रयोगशाळेंत जावयास नको. दंडाच्या आंतल्या बाजूची त्वचा पाहा आणि लगेच तळहाताच्या पाठीमागची पाहा. दोहोंचा जन्म एकाच दिवसाचा. परंतु एक झांकलेली राहिली आणि दुसरी जन्मभर उन्हांत वावरली.

याहूनही बोलकें उदाहरण २०१२ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. तें एका मालमोटारीच्या चालकाचें छायाचित्र आहे. गृहस्थ ६९ वर्षांचे, आणि २८ वर्षें त्यांनीं गाडी चालविलेली. अमेरिकेंत चालक डाव्या बाजूस बसतो, त्यामुळें खिडकीच्या बाजूचें ऊन सारीं वर्षें त्यांच्या डाव्या गालावर पडत राहिलें. कांच अतिनील किरणांपैकीं एक जात अडविते, पण दुसरी बऱ्याच प्रमाणांत आंत सोडते. छायाचित्रांतील उजवा गाल त्यांच्या वयाला शोभेल असा आहे. डावा गाल त्यांच्या वडिलांचा म्हणून सहज खपावा. आमच्या हडपसरवरून सोलापूर रस्त्यानें रात्रंदिवस मालमोटारी जातात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. जिज्ञासूंनीं तेथें उजवा गाल पाहावा.

या एका छायाचित्रांत परीक्षेची सारी युक्ति सांपडते. माणूस एकच, म्हणून आईबाप तेच, आहार तोच, वय तेंच; दोन गालांत फरक काय तो एका गोष्टीचा. क्रीमची परीक्षा करणारा शास्त्रज्ञ हेंच मुद्दाम घडवून आणतो. एका गालाला एक क्रीम, दुसऱ्याला दुसरें, आणि मग महिनेच्या महिने वाट पाहावयाची.

येथें एक बारीक गोम आहे, आणि माझ्या मतें या व्यापाराचें सारें रहस्य तींत दडलेलें आहे. कोणतेंही साधें क्रीम, अगदीं थंडींत ओठ फुटूं नयेत म्हणून आपण लावतों तें सुद्धां, चेहऱ्यावर चोळलें कीं वरचा थर पाणी धरून किंचित् फुगतो आणि कोरडेपणानें पडलेल्या बारीक रेषा तासाभरांत बुजून जातात. अर्थात् 'लावण्यापूर्वीं' आणि 'लावल्यानंतर' अशीं दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं, तर जगांतील प्रत्येक क्रीम त्या परीक्षेंत उत्तीर्णच होणार! तुलना करावयाची ती कांहींच न लावलेल्या गालाशीं नव्हे; तर अशा क्रीमशीं, कीं ज्यांत बाकी सर्व तेंच आहे, आणि तो गाजावाजा केलेला घटक तेवढा वगळलेला आहे. या दुसऱ्याला आपण 'कोरें क्रीम' म्हणूं. रंग तोच, वास तोच, बाटली तीच. कोणत्या बाटलींत काय आहे हें लावणाऱ्याला ठाऊक नसावें व गाल तपासणाऱ्यालाही ठाऊक नसावें. छायाचित्रें एकाच अंतरावरून व एकाच उजेडांत घ्यावीं. कारण दिवा जरा बाजूला सरकविला कीं सुरकुत्या येतात आणि समोर आणला कीं जातात, हें लग्नाचे फोटो काढणारा कोणीही सांगेल. अधिक काटेकोर संशोधक त्वचेवर पातळ सिलिकोन पसरून सुरकुत्यांचा ठसा घेतात आणि त्यांची खोली मोजतात.

आतां वहिनींच्या खोक्यावरील मजकूर पुन्हां पाहा. 'स्त्रियांना तरुण वाटूं लागलें.' हें मोजमाप नव्हे, हा अभिप्राय आहे. आणि तोही कोऱ्या क्रीमशीं तुलना न करितां दिलेला. इतके पैसे मोजून आणलेली वस्तु महिनाभर निष्ठेनें लावल्यावर कांहींच न वाटणें मनाला फार जड जातें.

कांहीं कंपन्या खऱ्या परीक्षेला उतरल्या आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील बूट्स या कंपनीच्या एका क्रीमची वाखाणणी २००७ सालीं बी. बी. सी. च्या एका कार्यक्रमांत झाली, आणि त्यानंतर दुकानांसमोर रांगा लागून माल संपून गेला. पुढें मँचेस्टर विद्यापीठांतील संशोधकांनीं साठ व्यक्तींवर त्याची कोऱ्या क्रीमशीं रीतसर तुलना करून २००९ सालीं ती प्रसिद्ध केली. वर्षाअखेर क्रीम लावणाऱ्यांपैकीं शेंकडा ७० जणांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली, आणि कोऱ्या क्रीमकरितां तो आंकडा शेंकडा ३३ धरला गेला. 'धरला गेला' असें मीं जाणून म्हटलें. कारण पहिल्या सहा महिन्यांनंतर सर्वांनाच खरें क्रीम देण्यांत आलें होतें, म्हणून दुसरा आंकडा मोजलेला नसून पहिल्या सहामाहीवरून बांधलेला अंदाज आहे. परंतु या आंकड्यांत मला जी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी वाटते ती निराळीच. ज्यांत कांहींच नाहीं त्या क्रीमनेंही तिघांत एकाला गुण येईल, असें खुद्द परीक्षकांनीं धरलें होतें!

या क्षेत्रांत ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम, तें द्रव्य म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारें एक आम्ल, ट्रेटिनॉइन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचावैद्य अल्बर्ट क्लिगमन हें तारुण्यपिटिकांवर वापरीत असत. तेव्हां मध्यम वयाच्या स्त्रिया त्यांना सांगूं लागल्या कीं पुटकुळ्यांबरोबर त्वचेचा खरखरीतपणाही गेला. त्यांतून पुढील संशोधन निघालें. १९८८ सालीं मिशिगन विद्यापीठांतील मंडळींनीं तीस जणांवर सोळा आठवडे परीक्षा केली: एका हाताला औषध, दुसऱ्या हाताला कोरें क्रीम. औषधाचा हात तिसांपैकीं तिसांचा सुधारला. मात्र दहांतील नवांहून अधिक जणांची त्वचा लाल होऊन सोलली. आतां त्वचा लाल झाली म्हणजे कोणत्या हाताला औषध आहे हें रोगीही ओळखणार आणि वैद्यही ओळखणार, मग गुप्तता ती कसली, अशी शंका कोणी काढील, आणि ती योग्यच आहे. पुढें इतरांनींही हें पडताळून पाहिलें आणि १९९५ त अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें या कामाकरितां त्याला मान्यता दिली. तथापि हें औषध आहे, प्रसाधन नव्हे. वैद्याच्या सल्ल्यावांचून तें लावूं नये आणि गर्भवतीनें तर नाहींच नाहीं.

त्याचाच सौम्य भाऊ रेटिनॉल. त्याची २००७ सालची एक परीक्षा मला फार आवडते, कारण ती चित्रपटांतील तारकांवर केलेली नाहीं. सरासरी ८७ वर्षांच्या वृद्धांच्या एका दंडाच्या आंतल्या बाजूला रेटिनॉल व दुसऱ्या दंडाला कोरें मिश्रण, आठवड्यांतून तीनदांपर्यंत, चोवीस आठवडे लावण्यांत आलें. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. म्हणजे त्या वयांतही त्वचा अगदींच हटवादी झालेली नसते.

क्लिगमन यांचें नांव घेतलें तर आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांवर त्यांनीं वर्षानुवर्षें त्वचेचे प्रयोग केले. ते १९७४ सालीं बंद पडले. त्या कैद्यांत बहुसंख्य काळ्या वर्णाचे होते. परीक्षा कशी केली याइतकाच ती कोणाच्या कातडीवर केली हाही प्रश्न आहे. आपल्या देशांत प्रसाधनांसाठीं मुक्या प्राण्यांवर प्रयोग करण्यास २०१४ पासून बंदी आहे, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

आतां वहिनींच्या बावचीकडे वळूं, आणि त्याकरितां आपणांस फार दूर जावयाचें नाहीं. पुण्याच्या पूर्वेस आमचें हडपसर, तर पश्चिमेस पाषाण. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. या प्रयोगशाळेंत डॉ. सुखदेव हे हिंदी वनस्पतींतील टर्पीन द्रव्यांचा अभ्यास करीत असत. १९६६ सालीं गोवर्धन मेहता, रामदास नायक व सुखदेव यांनीं बावचीच्या बियांतून एक नवें द्रव्य वेगळें करून त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि वनस्पतीच्या संस्कृत नांवावरून त्याला 'बाकुचिऑल' असें नांव दिलें. सुरकुत्यांचा विचारही तेव्हां कोणाच्या मनांत नव्हता; रेणूची घडण हाच त्यांचा विषय. त्या रचनेचें रेटिनॉलशीं साम्य जवळजवळ नाहीं. दोन्ही नांवांना 'ऑल' हें शेपूट आहे, इतकेंच.

असें हें द्रव्य दीर्घ काळ विद्वानांच्या ग्रंथांत पडून होतें. २०१४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, त्वचेंतील जनुकांवर त्याचा परिणाम रेटिनॉलसारखाच होतो. त्या संशोधकांपैकीं एक जण तें द्रव्य विकणाऱ्या कंपनीचे होते, हें लक्षांत ठेवून तो निबंध वाचावा. मग २०१९ सालीं ब्रिटिश त्वचावैद्यकाच्या नियतकालिकांत ४४ जणांवरील एक परीक्षा प्रसिद्ध झाली. कांहींना बाकुचिऑल, कांहींना रेटिनॉल, बारा आठवडे. दोन्ही गटांत सुरकुत्या व डाग सारखेच कमी झाले, आणि रेटिनॉलच्या गटांत सोलणें व चुणचुणणें अधिक झालें. बाकुचिऑलचें जगभर जें नांव झालें, त्यांत या निबंधाचा वांटा मोठा आहे.

मी शाळामास्तर, उत्तरपत्रिका तपासण्याची संवय जात नाहीं. या परीक्षेंत बाकुचिऑल दिवसांतून दोनदां लावावयाचें होतें, रेटिनॉल एकदांच. आणि मुख्य म्हणजे, कोऱ्या क्रीमचा तिसरा गट तींत नव्हताच. दोन विद्यार्थ्यांना सारखे गुण मिळाले, एवढ्यावरून दोघेही हुषार ठरत नाहींत. पेपर सोपा असेल तर तिसराही तितकेच गुण मिळवील. तेव्हां बाकुचिऑलविषयीं इतकेंच म्हणतां येईल कीं, आरंभ चांगला आहे, त्रास कमी देतें, आणि भक्कम पुरावा अद्याप यावयाचा आहे. पुण्यांत सांपडलेल्या द्रव्याविषयीं याहून अधिक बोलावें असें मलाही वाटतें, पण इलाज नाहीं.

आणि पुडी? बावचीच्या बियांत एकटें बाकुचिऑल नसतें. त्यांत सोरालेन जातीचीं द्रव्यें असतात. सोरालेन हें नांवच मुळीं बावचीच्या लॅटिन नांवावरून आलेलें आहे. हीं द्रव्यें त्वचेंत शिरलीं कीं ती उन्हाला विलक्षण हळवी होते. आपले वैद्य कोडावर बावची लावून रोग्यास उन्हांत बसवीत, तें याच गुणासाठीं. आणि आजचे डॉक्टर सोरालेन देऊन त्यावर मोजून-मापून अतिनील किरण सोडतात, तेंही त्याचसाठीं. मात्र तेथें किरणांचें माप असतें. चेहऱ्याला बावचीचा लेप लावून हडपसरच्या भाजी मंडईंत चैत्राच्या उन्हांत तासभर हिंडणाऱ्या बाईला कोण माप देणार? चेहऱ्यावर फोड येतील आणि मागें काळे डाग राहतील. क्रीममध्यें वापरावयाचें बाकुचिऑल सोरालेनपासून वेगळें करून शुद्ध करावें लागतें. हें मीं सांगितलें तेव्हां वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळीं लावूनच भाजीला जाणार होतें."

त्यांनीं मग मला तोच प्रश्न विचारला, जो आपणही विचाराल: सर्वांत खात्रीचें काय? उत्तर ऐकून त्यांची निराशा झाली. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँड प्रांतांत नॅम्बूर नांवाचें एक गांव आहे. तेथील ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर १९९२ पासून १९९६ पर्यंत एक परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकून कांहींना सांगितलें, ऊन अडविणारें सनस्क्रीन रोज लावा. इतरांना सांगितलें, नेहमीं जसें करितां तसेंच करा. साडेचार वर्षांनीं तळहाताच्या पाठीमागचे सिलिकोनचे ठसे तपासले. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचें वार्धक्य इतरांहून शेंकडा २४ नें कमी भरलें. त्याच लोकांपैकीं कांहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा उपयोग दिसला नाहीं. हा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

तेथील लोक गोरे, आणि आपली त्वचा सांवळी; हा भेद विसरून चालणार नाहीं. आपल्या त्वचेंतील रंगद्रव्य उन्हाला पुष्कळसें अडवितें, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरां येतात. आपला चेहरा म्हातारा दिसूं लागतो तो आधीं वांग व काळे डाग यांनीं. ऊन मात्र दोहोंचेंही मूळ आहे. पुण्याच्या मुली दुचाकीवर बसतांना डोळे तेवढे मोकळे ठेवून सारा चेहरा ओढणीनें गुंडाळून घेतात, आणि बाहेरगांवचे लोक त्यांना हंसतात. हंसणाऱ्यांनीं मालमोटारीच्या त्या चालकाचें छायाचित्र एकदां अवश्य पाहावें.

कायदा याबाबत काय करितो, असें कोणी विचारील. १९४० च्या औषधें व प्रसाधनें कायद्यानें या दोन वस्तूंत भेद केला आहे. जें रोगावर चालतें तें औषध. जें रूप खुलविण्यासाठीं अंगाला लावतात तें प्रसाधन. नव्या औषधाला बाजारांत येण्यापूर्वीं आपला गुण सिद्ध करावा लागतो. प्रसाधनाला तशी परीक्षा द्यावी लागत नाहीं. ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा प्रसाधनानें करूं नये असा नियम आहे खरा, पण 'तरुण वाटूं लागलें' या वाक्याला कोणता नियम धरूं शकेल?

वहिनींचें अठराशें रुपयांचें क्रीम मात्र शिल्लक होतें, आणि तें टाकून द्यावयास त्या तयार नव्हत्या. तेव्हां आम्ही एक घरगुती परीक्षा मांडली. सुनेनें दोन सारख्या डब्या आणल्या. एकींत तें क्रीम, दुसरींत रंगानें तसेंच दिसणारें एक साधें स्वस्त क्रीम. एकीवर 'डावा', दुसरीवर 'उजवा' असें लिहून, कोणत्या डबींत काय आहे याची चिठ्ठी तिनें देव्हाऱ्यामागच्या डब्यांत ठेवून दिली. वहिनी रोज रात्रीं आपापल्या डबींतील क्रीम त्या त्या हाताच्या पाठीला लावतात. ही परीक्षा निर्दोष नाहीं, हें मीच त्यांना सांगितलें: दोन क्रीम मुळांतच निराळीं आहेत, आणि भांडीं घासण्याचें काम उजवा हात अधिक करितो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग भांडीं तुमच्या भावाला घासूं द्या."

चार महिने झाले. परवां त्यांनीं दोन्ही हात माझ्यापुढें धरले. मीं चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले, खिडकीपाशीं नेऊन पाहिले. मला कांहीं सांगतां आलें नाहीं. चिठ्ठी दिवाळीच्या पाडव्याला उघडावयाची आहे.